विश्लेषण : वर्गात चिकित्सक विचार शिकवता येतो का?

नव्या शैक्षणिक धोरणापासून प्रश्नपत्रिकांच्या आराखड्यापर्यंत सगळीकडे ‘चिकित्सक विचार’ हा शब्द आला आहे. पण तो वर्गात नेमका कसा उतरतो, त्यासाठी वेगळा तास लागतो का आणि आपल्या शाळांमध्ये तो अडतो कुठे, याचा हा आढावा.

‘एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत. तर जहाजाच्या कप्तानाचे वय किती?’ फ्रान्समधील ग्रेनोबल येथील गणित-शिक्षणाच्या संशोधकांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस हा प्रश्न सात ते नऊ वर्षांच्या ९७ मुलांना विचारला. त्यापैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांचा काही तरी हिशेब करून उत्तर काढले. २६ अधिक १० म्हणजे ३६, सबब कप्तान ३६ वर्षांचा. मेंढ्यांचा आणि वयाचा संबंध काय, हे विचारावे असे त्यांना वाटले नाही. जानेवारी २०१८मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतातील एका जिल्ह्यात पाचवीच्या परीक्षेत हाच प्रश्न आला तेव्हा समाजमाध्यमांवर गदारोळ झाला. मुलांची चिकित्सक वृत्ती तपासण्यासाठीच तो दिल्याचे तिथल्या शिक्षण विभागाने सांगितले.

ग्रेनोबलच्या मुलांना बेरीज येत होती. कमी होती ती वेगळीच गोष्ट. शाळेत प्रश्न विचारला म्हणजे त्याला उत्तर असतेच, दिलेले सगळे आकडे वापरायचेच असतात आणि प्रश्नाविषयी प्रश्न विचारायचा नसतो, हे नियम कोणीही न शिकवता ती शिकली होती. हे नियम मोडायला मुलांना कसे शिकवायचे, हाच चिकित्सक विचाराच्या शिक्षणाचा खरा मुद्दा आहे.

चिकित्सक विचार म्हणजे नेमके काय?

मराठीत ‘चिकित्सा’ म्हणजे रोगाची परीक्षा आणि उपचार. पण ‘फार चिकित्सक आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात कौतुक कमी आणि तक्रार जास्त असते. त्यामुळे चिकित्सक विचार म्हणजे सतत शंका काढणे, वाद घालणे किंवा मोठ्यांना उलट बोलणे, असा समज सहज होतो. तो बरोबर नाही. समोर आलेले विधान स्वीकारण्यापूर्वी किंवा नाकारण्यापूर्वी त्याचा आधार तपासणे, इतका त्याचा साधा अर्थ आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी १९१०मध्ये ‘हाऊ वुई थिंक’ या पुस्तकात मांडलेल्या विचाराचा गाभाही हाच होता. निष्कर्षाची घाई न करता पुरावा आणि परिणाम यांचा विचार करणे.

वर्गात त्याची ओळख चार प्रश्नांत करून देता येते. हे कशावरून? दुसरे काही कारण असू शकेल का? हे सांगणाऱ्याला कसे कळले? आणि कोणती गोष्ट दिसली तर मी माझे मत बदलेन? शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तो स्वतःला विचारायचा असतो. इतरांच्या मतातील खोट काढणे सोपे असते, स्वतःच्या मताला तीच कसोटी लावली तरच तो विचार चिकित्सक ठरतो.

धोरणात आणि कायद्यात त्याला स्थान आहे का?

आहे, आणि ते नवे नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि जिज्ञासा व सुधारणा यांची वृत्ती जोपासणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत आले. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३मध्ये दप्तराच्या ओझ्यापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक असल्याकडे लक्ष वेधले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ने घोकंपट्टीपासून दूर जाण्याचा आणि मूल स्वतः ज्ञान रचते हे मान्य करण्याचा आग्रह धरला. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम २९मध्ये मूल भयमुक्त असावे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यापाठोपाठ २०२३मध्ये आलेला शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा यांनीही चिकित्सक विचाराला प्रमुख उद्दिष्टांत बसवले.

म्हणजे कागदावर उणीव नाही. जवळपास पाच दशके एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली जात आहे. ती पुन्हा पुन्हा सांगावी लागते, यातच अडचण दिसते.

‘आधी पाया, मग विचार’ हे खरे का?

या विषयावरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. ‘असर’च्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांनाच दुसरीच्या स्तराचा मजकूर वाचता येतो. जिथे वाचनच होत नाही तिथे विश्लेषणाच्या गप्पा कशाला, असे अनेक शिक्षक विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

संशोधनाचाही या आक्षेपाला काही अंशी पाठिंबा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल विलिंगहॅम यांनी २००७मध्ये मांडलेला युक्तिवाद असा : चिकित्सक विचार हे सायकल चालवण्यासारखे कौशल्य नाही, की एकदा आले की कुठल्याही रस्त्यावर चालवता येईल. तो त्या त्या विषयाच्या ज्ञानाला चिकटलेला असतो. पीकपाण्याविषयी अचूक तर्क करणारा शेतकरी शेअर बाजाराच्या जाहिरातीला फसू शकतो आणि निष्णात अभियंता आहाराविषयीच्या फॉरवर्डवर विश्वास ठेवू शकतो. ज्याविषयी काहीच माहिती नाही त्याविषयी चिकित्सक विचार करता येत नाही. म्हणून पाठांतराला शिव्या घालून माहितीच नको म्हणणे हे दुसरे टोक झाले. पाढे पाठ असलेल्या मुलाचे डोके गणितातील खरा पेच सोडवायला मोकळे राहते.

मात्र त्यावरून ‘आधी सगळी माहिती, मग विचार’ असा क्रम लावणे चूक आहे. माहिती आणि विचार एकाच वेळी वाढतात. पहिलीतील मूल गोष्ट ऐकताना ‘पुढे काय होईल? तुला असे का वाटते?’ या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते, त्यासाठी त्याला वाचता येण्याची वाट पाहावी लागत नाही. शिवाय या क्रमामागे एक अन्याय दडलेला आहे. बऱ्या परिस्थितीतील मुलांच्या शाळांत प्रकल्प, चर्चा, वादविवाद आणि गरिबांच्या शाळांत फक्त अक्षर-अंक सराव, अशी विभागणी झाली तर प्रश्न विचारण्याचा अधिकार काहींनाच मिळतो. महात्मा फुले यांनी १८८२मध्ये हंटर आयोगापुढे मांडलेल्या निवेदनात शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांकडे आणि कर कष्टकऱ्यांकडून, या विसंगतीवर बोट ठेवले होते. विचार करण्याच्या शिक्षणाबाबत आज तीच विसंगती नव्या रूपात उभी राहू शकते.

मग वेगळा तास हवा की नको?

‘चिकित्सक विचार’ नावाची कार्यपुस्तिका, आठवड्याला एक तास आणि वर्षाअखेरीस प्रमाणपत्र, हा सोपा मार्ग अनेक खासगी शाळांनी आणि कंपन्यांनी शोधला आहे. त्याचे निष्कर्ष संमिश्र आहेत. मॅथ्यू लिपमन यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत सुरू केलेली ‘मुलांसाठी तत्त्वज्ञान’ ही पद्धत जगभर नावाजली गेली. त्यात मुले वर्तुळात बसून एखाद्या प्रश्नावर चर्चा करतात. इंग्लंडमध्ये २०१५मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत त्यामुळे वाचन आणि गणितात सुमारे दोन महिन्यांची जादा प्रगती दिसली होती. पण पुढे अधिक शाळांत झालेल्या मोठ्या चाचणीत वाचनावर तसा परिणाम आढळला नाही. चर्चेमुळे मुलांचे धाडस आणि बोलणे सुधारत असेल, पण ती इतर विषयांच्या निकालाची गुरुकिल्ली मानता येत नाही.

याला एक अपवाद दिसतो. माहितीची सत्यता तपासणे हे कौशल्य थेट शिकवता येते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासकार, विद्यापीठातील विद्यार्थी आणि व्यावसायिक सत्यशोधक पत्रकार यांना एकाच संकेतस्थळांची विश्वासार्हता ठरवायला सांगितले. सत्यशोधक सर्वांत जलद आणि अचूक ठरले. कारण त्या पानावर घुटमळत न बसता ते लगेच बाहेर पडून ‘हे सांगणारे कोण आहेत’ याचा दुसरीकडे शोध घेत. केरळच्या कण्णूर जिल्ह्यात सुमारे १५० सरकारी शाळांत अफवा ओळखण्याचे धडे देण्यात आले होते. बिहारमध्ये शेकडो गावांतील ग्रंथालयांत आठवी ते बारावीच्या मुलांसाठी घेतलेल्या अशा वर्गांनंतर खऱ्या-खोट्या बातम्या ओळखण्याची क्षमता वाढल्याचे आणि काही महिन्यांनंतरही ती टिकल्याचे संशोधकांना आढळले. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सफाईदार भाषेत चुकीची उत्तरेही देत असताना हे कौशल्य शाळेतच मिळायला हवे.

बाकी सर्व ठिकाणी चिकित्सक विचाराची जागा गणित, विज्ञान, इतिहास आणि भाषेच्या नेहमीच्या तासातच आहे.

नेहमीच्या तासात तो कसा दिसतो?

विज्ञानाचा तास घेऊ. ‘जड वस्तू बुडतात, हलक्या तरंगतात’ असे बहुतेक मुले सांगतात. शिक्षकांनी ‘चूक’ म्हणून घनतेची व्याख्या फळ्यावर लिहिली तर मुले ती वहीत उतरवतील आणि मनातली समजूत तशीच ठेवतील. त्याऐवजी एक संत्रे सालीसकट आणि दुसरे सोलून पाण्यात टाकायला सांगावे. सालीसकट संत्रे जास्त जड, तरी ते तरंगते. सोललेले हलके, तरी बहुधा बुडते. आता मुलांच्या नियमालाच धक्का बसतो आणि सालीतल्या हवेपर्यंत त्यांना स्वतःहून यावे लागते. व्याख्या त्यानंतर दिली तर ती उत्तर म्हणून येते, ओझे म्हणून नाही.

गणितात ‘५० टक्के सूट, त्यावर आणखी २० टक्के सूट’ ही दुकानातली पाटी पुरते. एकूण सूट ७० टक्के का नाही, ६० टक्केच का, याचा वाद वर्गात रंगला की शेकडेवारी कायमची कळते. शिवाय दुसरे २० टक्के कशाचे, हा प्रश्न विचारायची सवय लागते.

इतिहासात महाराष्ट्राकडे तर खजिनाच आहे. शिवाजी महाराजांच्या काळाविषयी कृष्णाजी अनंत सभासद यांची बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिली गेली, तर मल्हार रामराव चिटणीस यांची एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. एकाच प्रसंगाचे दोन्हींतील वर्णन मुलांपुढे ठेवून विचारता येते. घटनेच्या जवळचा लेखक कोण? जवळचा म्हणून तो प्रत्येक बाबतीत बरोबर असेलच का? तो कोणासाठी लिहीत होता? त्या काळातील पत्रे किंवा परदेशी वखारींच्या नोंदी मिळाल्या तर कशावर अधिक भरवसा ठेवाल? यात कोणाचाही अनादर नाही. बखर, पत्र आणि दंतकथा यांतील फरक कळलेले मूल इतिहासावर अधिक घट्ट प्रेम करते आणि इतिहासाच्या नावाने येणाऱ्या फॉरवर्डला कमी बळी पडते.

भाषेच्या तासात वर्तमानपत्रातील जाहिरात, अग्रलेख आणि बातमी यांतील फरक ओळखणे, ‘तज्ज्ञांचे म्हणणे आहे’ या वाक्यातील तज्ज्ञ कोण हे शोधणे, आपल्याला न पटणारी बाजू तिच्या समर्थकाला पटेल इतक्या प्रामाणिकपणे लिहिणे, हे सारे करता येते.

शिक्षकाने नेमके काय बदलायचे?

यातील सर्वांत स्वस्त उपाय आहे थांबणे. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शेकडो वर्गांतील संवाद ध्वनिमुद्रित केले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे त्यांना आढळले. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा मुलांची उत्तरे लांब आणि कारणांसहित झाली, एरवी गप्प राहणारी मुले बोलू लागली आणि मुले स्वतः प्रश्न विचारू लागली. या उपायाला ना अनुदान लागते, ना स्मार्ट बोर्ड.

दुसरा बदल चुकीच्या उत्तराला मिळणाऱ्या प्रतिसादाचा. ‘बस खाली, पुढचा’ म्हटले की वर्गाला कळते की इथे फक्त बरोबर उत्तर चालते. ‘तू इथपर्यंत कसा आलास ते सांग’ म्हटले की चूक हीच शिकवण्याची सामग्री होते. बरोबर उत्तरालाही हाच प्रश्न विचारला पाहिजे, नाहीतर ‘कसे?’ हा शब्द चूक झाल्याची खूण ठरतो. तिसरा बदल सर्वांत अवघड. ‘मला माहीत नाही, आपण शोधू’ हे वाक्य शिक्षकाने वर्गासमोर म्हणणे. ते म्हणण्यासाठी शिक्षकाला स्वतःच्या विषयाची आणि नोकरीच्या सुरक्षिततेची खात्री असावी लागते.

भाषेचा प्रश्नही इथे येतो. तर्क करण्यासाठी ‘कारण’, ‘तरीही’, ‘जर-तर’, ‘याउलट’ असे शब्द सहज यावे लागतात. सेमी-इंग्रजीच्या वर्गात विज्ञान इंग्रजीतून शिकणारे मूल ‘व्हाय’चे उत्तर पाठ केलेल्या वाक्यात देते, कारण स्वतःचे वाक्य त्याच्याकडे नसते. तेच मूल मराठीत, किंवा घरी गोंडी, भिली, अहिराणी बोलत असेल तर त्या भाषेत, नेमके कारण सांगू शकते. निदान चर्चेपुरती तरी घरच्या भाषेला वर्गात मुभा हवी.

असे प्रयोग भारतात झाले आहेत का?

झाले आहेत, आणि त्यांचा इतिहास उमेद देणारा तसाच सावध करणाराही आहे. मध्य प्रदेशात १९७२मध्ये ‘किशोर भारती’ आणि रसुलियाच्या ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ यांनी १६ शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. गावच्या शाळेतील मुले हाताने प्रयोग करत, निरीक्षणे नोंदवत, निष्कर्षावर वाद घालत. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती, कारण पुस्तकात उत्तरे नव्हतीच. ‘सवालीराम’ या काल्पनिक मित्राला मुले पत्रे लिहून शंका विचारत. पुढे तो जिल्हाभर पसरला, १९८२पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला. तीस वर्षांनी, २००२मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. परीक्षा, पाठ्यपुस्तक, शिक्षक प्रशिक्षण हे सगळे एकत्र बदलले तर सामान्य सरकारी शाळेतही हे जमते, हे त्याने दाखवले. आणि एका शासननिर्णयाने ते थांबूही शकते, हेही.

महाराष्ट्रात लीलाताई पाटील यांनी कोल्हापुरात १९८५मध्ये सुरू केलेली सृजन आनंद शाळा, साताऱ्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी केलेले ज्ञानरचनावादी काम, मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ही उदाहरणे शिक्षकांना परिचित आहेत. पण कुमठ्याची कीर्ती झाल्यावर अनेक ठिकाणी काय झाले? फरशा रंगल्या, भिंतींवर तक्ते आले, मुले गोलात बसली. प्रश्न मात्र शिक्षकच विचारत राहिले. रचना उचलली गेली, विचार मागे राहिला.

परीक्षेने काय बदलले?

वर्गात काय घडते हे शेवटी परीक्षा ठरवते. सीबीएसईने २०२४-२५पासून अकरावी-बारावीच्या प्रश्नपत्रिकांत क्षमताधारित प्रश्नांचा वाटा ४० टक्क्यांवरून ५० टक्के केला. महाराष्ट्रात दहावीच्या भाषा विषयांत प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आल्या, ज्यात उतारा देऊन त्यावर कृती करायची असते आणि ‘स्वमत’ मांडायचे असते. दिशा योग्य आहे. पण बाजारात गेले तर ‘स्वमता’ची तयार उत्तरे देणारी गाइडे रांगेने मिळतात. हजारो मुलांचे स्वमत शब्दशः सारखे येत असेल तर ते कोणाचे मत?

दोष केवळ गाइडवाल्यांचा नाही. नमुना उत्तराशी जुळले तर गुण, वेगळे असेल तर जोखीम, असा अनुभव असेल तर पालक आणि शिकवण्या सुरक्षित मार्गच निवडणार. म्हणून प्रश्न बदलण्याइतकेच तपासणी बदलणे गरजेचे आहे. मत कोणते आहे याला गुण नकोत, त्याला दिलेल्या आधाराला हवेत, आणि परीक्षकांना त्याचे प्रशिक्षण हवे.

पुढे काय व्हायला हवे?

‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश सहभागी झाले होते, त्याचे निकाल २०११मध्ये आले आणि दोन्ही राज्ये तळाशी होती. त्यानंतर भारताने चाचणीतूनच माघार घेतली. निकालाला कसोटी लावण्याऐवजी कसोटीच टाळणे, हा धडा मुलांपुढे ठेवण्याजोगा नाही.

करण्यासारख्या गोष्टी तुलनेने साध्या आहेत. अभ्यासक्रमातील घटकांची संख्या कमी करून प्रत्येक घटकाला वेळ देणे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात भाषणांऐवजी त्यांना स्वतःला प्रश्नांशी झुंजायला लावणे. निवडणूक, सर्वेक्षण आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामांतून त्यांना मोकळे करणे. एकाच शिक्षकाकडे तीन-चार इयत्ता असलेल्या शाळांना आधार देणे. आणि ज्या शिक्षकाला अधिकाऱ्यासमोर ‘हे परिपत्रक आमच्या वर्गात का लागू पडत नाही’ हे विचारण्याची सोय नाही, त्याच्याकडून मुलांना प्रश्न विचारायला शिकवण्याची अपेक्षा न करणे. प्रश्न विचारण्याची सवय वरून खाली झिरपते. ती केवळ चौथीच्या वर्गापुरती राखून ठेवता येत नाही.

घराचीही यात भूमिका आहे. संध्याकाळी ‘आज काय शिकलास?’ बरोबर ‘आज कोणता प्रश्न विचारलास?’ असेही विचारता येईल. कप्तानाच्या वयाचा प्रश्न समोर आला, तर ‘हे गणित चुकलेय, यात वय कळण्यासारखे काहीच नाही’ असे म्हणणारे मूल वर्गात उभे राहावे आणि त्याला ‘शहाणपणा करू नकोस’ असे उत्तर मिळू नये. शाळेचे यश मोजण्याची ही कसोटी कोणत्याही टक्केवारीपेक्षा अवघड आहे. पण सही करण्याआधी कर्जाचा कागद वाचण्यापासून मत देण्यापर्यंत पुढे आयुष्यभर उपयोगी पडते ते हेच शिक्षण.